कच्चा खर्डा आणि उसनी पात्रं

अंकासाठी लेख मागायला फोन केला की दहातल्या नऊ वेळा एकच उत्तर मिळतं. "अहो, लेख डोक्यात अगदी तयार आहे. फक्त कागदावर उतरवायचा राहिलाय." हे उत्तर देणारी माणसं आळशी नाहीत, खोटारडी तर मुळीच नाहीत. त्यांच्यातलं कोणी हृदयाच्या शस्त्रक्रिया करतं, कोणी पूल बांधतं, कोणी बँकांचे संगणक रात्ररात्र जागून चालू ठेवतं. दिलेली तारीख पाळणं हा त्यांच्या पोटापाण्याचा भाग आहे. तरीही दोन पानांचा मराठी लेख त्यांच्या डोक्यात दहा-दहा वर्षं 'तयार' असतो आणि तिथंच म्हातारा होतो. (हे मी अधिकाराने सांगतो. माझ्या डोक्यात असे चार आहेत.)

याच घरांपैकी एखाद्या घरात वरच्या मजल्यावर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, कुणी सांगितलेलं नसताना, तीस-चाळीस हजार शब्दांची इंग्रजी कादंबरी लिहून मोकळी झालेली असते. पात्रं तिची नसतात. हॅरी पॉटरच्या शाळेतला मूळ पुस्तकात दोन ओळींत उरकलेला एखादा विद्यार्थी, नाहीतर शेरलॉक होम्सच्या घरमालकीणबाई. त्यांच्या आयुष्यात मूळ लेखकाने जे लिहिलं नाही ते ही पोरगी लिहिते. याला फॅन फिक्शन म्हणतात. आईवडिलांना ते कळतं बहुधा उशिरा, आणि कळल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं: "दुसऱ्याच्या गोष्टी कशाला लिहितेस? स्वतःचं काहीतरी लिही ना!" हे वाक्य आमच्या घरीही उच्चारलं गेलं आहे आणि उच्चारणारा मीच होतो. ते चुकलं असं आता वाटतं. मुलीचं मन दुखावलं हे तर आहेच, पण चूक वाङ्मयीनही होती.

हा प्रकार नव्या पिढीचं खूळ आहे, अशी एक समजूत आहे. ती आधी बाजूला सारू. १८२६ साली यॉर्कशरमधल्या एका पाद्रीबाबांनी आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. त्याच्या बहिणींनीही त्यांतले एकेक शिपाई आपले म्हणून उचलले. दहा वर्षांच्या शार्लट ब्राँटेने आपल्या शिपायाला नाव दिलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे वॉटर्लूचा त्या वेळी हयात असलेला सेनापती. पुढे जवळजवळ तेरा वर्षं ती वेलिंग्टनच्या आणि त्याच्या मुलांच्या काल्पनिक भानगडी लिहीत राहिली. सुरुवातीच्या वह्या आगपेटीएवढ्या होत्या आणि अक्षर मुंगीएवढं. ही चक्क एका जिवंत माणसावरची फॅन फिक्शन होती. 'जेन एअर' आली १८४७ साली. मधल्या काळात तिच्या हाताला जी सवय लागली ती उसन्या पात्रांवर.

पण आज ज्याला चाहत्यांचं साहित्य म्हणून ओळखतात त्याची खरी मांडणी झाली अमेरिकेत, 'स्टार ट्रेक'च्या भोवती. ही मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली आणि तीन हंगामांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. ती सुरू झाल्यापासून वर्षभरात, १९६७ साली, न्यू यॉर्कमध्ये देवरा लँगसॅम आणि शर्ना कमरफर्ड या दोघींनी 'स्पॉकॅनालिया' हे अनियतकालिक काढलं. मिस्टर स्पॉक या पात्राला वाहिलेलं. सायक्लोस्टाइलवर काढायचं, स्टेपल मारायचे, टपालाने पाठवायचं आणि कागद-टपालाचा खर्च तेवढा वसूल करायचा. नफा नाही, मानधन नाही. ज्यांनी आपापल्या गावच्या मंडळांची पहिली वार्तापत्रं शाईने बरबटलेल्या हातांनी काढली आहेत, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. त्याच दशकात मुंबईत अशोक शहाणे आणि मंडळी 'असो'सारखी अनियतकालिकं काढत होती. दोन्हीकडे छापखान्याच्या मालकाला विचारायचं नाही हा बाणा एकच. फरक इतकाच की मुंबईतल्यांना कधी कोणी लिहिलं नाही असं लिहायचं होतं आणि न्यू यॉर्कमधल्यांना आवडलेलंच आणखी हवं होतं. वाङ्मयाच्या इतिहासात पहिल्यांना मान मिळाला. दुसऱ्यांकडे समीक्षकांनी पुष्कळ वर्षं पाहिलंच नाही. १९९२ साली हेन्री जेन्किन्स आणि कमिल बेकन-स्मिथ यांची या विषयावरची पुस्तकं आली, तेव्हा विद्यापीठांना जाग आली.

या साहित्याचा दर्जा काय, हा प्रश्न अर्थातच पहिला सुचतो. मी जे वाचलं त्यावरून सांगतो: बहुतेक सामान्य, थोडं चांगलं, आणि अगदी थोडं असं की मूळ मालिका लिहिणाऱ्यांनी हेवा करावा. पण दिवाळी अंकांचंही हेच गणित नाही का? मला खरं कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे. एवढ्या सगळ्यांचा पहिला खर्डा पुरा होतो कसा? न्यायला प्रकाशक नाही, द्यायला मानधन नाही, घरच्यांना सांगायची सोय नाही, आणि तरीही चाहत्यांच्या एकाच मोठ्या संग्रहात आज एक कोटीहून अधिक लेखनं जमा आहेत. (या संग्रहालाच २०१९ साली विज्ञानकथांच्या जगातलं मानाचं ह्यूगो पारितोषिक मिळालं.)

लेखन कसं सुरू करावं हे शिकवणारी पुस्तकं अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि त्यांतली काही खरोखर चांगली आहेत. डोरोथिआ ब्रँडने १९३४ साली सांगितलं की सकाळी उठल्याबरोबर, वर्तमानपत्र न उघडता, कुणाशी न बोलता लिहायला बसा. पीटर एल्बोने १९७३ मध्ये सांगितलं की दहा मिनिटं पेन उचलूच नका, काही सुचलं नाही तर 'सुचत नाही' असंच लिहीत राहा. अ‍ॅन लॅमॉटने १९९४ मध्ये सांगितलं की पहिला खर्डा भिकारच असतो, तो तसा असू द्या. हे सगळे उपाय मी करून पाहिले. पहाटे उठून लिहिण्याचा उपाय पाचव्या दिवशी चहापाशी थांबला. सल्ला चुकीचा नव्हता. पण हे सगळे उपाय एकट्या माणसाचे आहेत. बंद खोली, कोरा कागद आणि आपला निश्चय. तो निश्चय कुठपर्यंत पुरतो ते जानेवारीतल्या व्यायामशाळा पाहिल्या की कळतं.

चाहत्यांनी हा प्रश्न चारचौघांत सोडवला. एक उदाहरण सांगतो. २००३ पासून दर नाताळात त्यांच्यात 'यूलटाइड' नावाची कथांची देवाणघेवाण चालत आली आहे. आपण नाव नोंदवायचं, आपल्याला कोणत्या दुर्मिळ पुस्तकावरची वा चित्रपटावरची गोष्ट आवडेल ते कळवायचं. मग आपल्या वाट्याला एक अनोळखी माणूस येतो, त्याच्यासाठी किमान हजार शब्दांची कथा लिहायची, आणि तिसरंच कोणीतरी आपल्यासाठी लिहीत असतं. २५ डिसेंबरला सगळ्या भेटी एकदम उघडतात. आपल्याकडच्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही, ही कथांची भिशी आहे. भिशीचा हप्ता कोणी चुकवत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याच बायकांसमोर बसायचं असतं. प्रतिभेची वाट पाहायला तिथे सवड नसते.

दुसरी युक्ती बंधनाची. 'ड्रॅबल' म्हणजे बरोबर शंभर शब्दांची कथा, नव्याण्णव नाही आणि एकशेएक नाही. ही कल्पना १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या विज्ञानकथांच्या चाहत्यांत रुजली आणि १९८८ मध्ये अशा कथांचं पुस्तकही निघालं. गंमत अशी की शब्द मोजण्यात मन गुंतलं की 'हे चांगलं होतंय का?' असं विचारणारा आतला मास्तर गप्प बसतो.

इथं मला बारामतीच्या मोरोपंतांची आठवण होते. पंतांनी एकशेआठ रामायणं रचली असं आपण शाळेत ऐकलं आणि हसलो. एकच गोष्ट एकशेआठ वेळा! त्यांतलं एक निरोष्ठ रामायण, ओठाला ओठ न लावता म्हणायचं. म्हणजे प, फ, ब, भ, म या अक्षरांना बंदी. रामाची कथा सांगायची आणि 'राम' हा शब्दच वापरायचा नाही! आपण याला शब्दांची कसरत म्हणून मोडीत काढलं. पण लिहायला बसणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहा. कथानक ठरलेलं, पात्रं ठरलेली, श्रोते आधीच त्यांच्या प्रेमात, आणि वर स्वतःच घातलेली एक अट. कोऱ्या कागदाची भीती उरतेच कुठे? मोरोपंतांच्या सगळ्या रचना उत्तम आहेत असं कोणी म्हणणार नाही. पण हात कधी थांबला नाही, आणि थांबला नाही म्हणून जे उत्तम आहे तेही झालं.

कालिदासाने शकुंतला महाभारतातून घेतली आणि मुळात नसलेला दुर्वासांचा शाप व अंगठीची खूण त्याने स्वतः घातली. त्याला कोणी 'स्वतःचं लिही' म्हटल्याची नोंद नाही. 'स्वतंत्र' हा शब्द आपल्या नाटकांच्या जाहिरातींत बिरुद म्हणून मिरवू लागला आणि 'आधारित' म्हणजे काहीतरी कमी, असं ठरून गेलं. त्या ठरण्याची किंमत मोठ्या लेखकांनी दिली नाही. ती हौशी लिहिणाऱ्यांनी दिली, ज्यांना हात चालू करायला एखादं ओळखीचं पात्र पुरलं असतं.

पुरलं असतं असं तरी कशाला म्हणू? पुरतंच की. आपल्या गणेशोत्सवातलं नाटुकलं आठवा. नारदमुनी विमानतळावर उतरतात आणि इमिग्रेशनवाला त्यांना वीणेबद्दल विचारतो. यमराज ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहतात. चित्रगुप्ताचा संगणक बंद पडतो आणि दुरुस्तीला आपलाच एक कन्सल्टंट बोलावला जातो. पु. लं.चा अंतू बर्वा न्यू जर्सीच्या मॉलमध्ये फिरतो. हे काय आहे? अस्सल, शंभर नंबरी फॅन फिक्शन. आणि लिहितं कोण? ज्याच्या डोक्यात दहा वर्षं लेख तयार आहे तोच! तीन वीकएंडांत चाळीस मिनिटांची संहिता पुरी करतो. कारण पात्रं आयती असतात, हॉलचं भाडं भरलेलं असतं, आणि शनिवारी दुपारी आठ नट तालमीला येऊन "पुढचं पान कुठंय?" म्हणून उभे असतात. म्हणजे आपल्याला लिहिता येत नाही हे खरं नाही. कागदासमोर एकटं बसून 'साहित्य' लिहिता येत नाही, एवढंच खरं.

आता दुसरी बाजू. चाहत्यांच्या जगाचं नुसतं कौतुक करून थांबलो तर ती समीक्षा होणार नाही.

१९७३ साली पॉला स्मिथ यांनी 'मिनॅजरी' या स्टार ट्रेकच्या फॅनझिनमध्ये पानभराचं एक विडंबन लिहिलं. त्याची नायिका लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, आरमारातली सर्वात तरुण अधिकारी. कर्णधार किर्क तिला पाहताच प्रेमात पडतो. कैदखान्याचं कुलूप ती केसांच्या पिनेने उघडते. सगळे आजारी पडल्यावर ती एकटीच जहाज चालवते, नोबेल पारितोषिक मिळवते, आणि शेवटी सर्वांना रडवत इतकी देखणी मरते की तिचा वाढदिवस त्या जहाजावर सुट्टीचा दिवस ठरतो. विडंबन फक्कड आहे. फॅनझिनकडे येणाऱ्या कथांत अशा नायिकांचा सुळसुळाट झाला होता आणि पॉला स्मिथ यांचा नेम अचूक लागला. इतका अचूक की 'मेरी सू' हे इंग्रजीत सामान्यनाम झालं.

पण पुढे जे झालं ते बेकन-स्मिथ यांच्या पुस्तकात वाचायला मिळतं. कथेत कुठलीही बाई आणली की लोक 'मेरी सू, मेरी सू' म्हणून ओरडतात, म्हणून आम्ही बाई आणायचंच सोडून दिलं, अशा तक्रारी तिथे नोंदल्या आहेत. ज्या जगात लिहिणाऱ्या बहुसंख्य बायका, त्याच जगात बायकांना बाईबद्दल लिहायची चोरी! कर्णधार किर्क स्वतः तरी काय वेगळा होता? बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार पुस्तकामागून पुस्तक अजिंक्य राहिला तेव्हा आपण त्याला हसलो नाही, पुढचं पुस्तक आणायला लायब्ररीत पळालो. माझं मत असं, की मेरी सू हा पहिल्या खर्ड्याचा दोष नाही, ती त्याची स्वाभाविक अवस्था आहे. माणूस लिहायला लागला की आधी स्वतःलाच पाटावर बसवतो. तिला दुसऱ्या खर्ड्यात काढायची असते. पहिल्यातच कुणी हसलं की दुसरा होतच नाही.

आणि हे सांगताना मला आपल्याच लेखांची मेरी सू दिसते. ती पुरुष असते, आणि खिशात आठ डॉलर घेऊन उतरते. (त्या काळी भारत सरकार तेवढंच परकीय चलन नेऊ द्यायचं, हे खरंच आहे.) थंडीत कोट नसतो, जेवायला उकडलेले बटाटे असतात, पण पहिल्याच वर्षी गोरा प्राध्यापक म्हणतो की असा विद्यार्थी मी पाहिला नाही. पुढे सर्वात तरुण मॅनेजर, पुढे घर, पुढे मुलगी नामांकित कॉलेजात. लेख संपतो. मुंबईत टेलिग्राम मिळूनही वडिलांच्या अंत्यदर्शनाला न पोचलेला तो मुलगा लेखात नसतो. नोकरी गेल्यावर सहा आठवडे रोज सकाळी टाय लावून लायब्ररीत जाऊन बसणारा नसतो. बायकोची पदवी इथं कुणी मानली नाही म्हणून तिने वीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यावर काढली, तेही नसतं. या लेखांना हसायचा मोह मला अनेकदा झाला आहे आणि एकदा-दोनदा मी हसलोही. आता वाटतं की ते लेख वाईट नव्हते. ते पहिले खर्डे होते आणि आम्ही ते तसेच छापले.

नेमकं हेच चाहत्यांच्या जगातलं दुखणं आहे. तिथे 'बीटा' नावाची एक छान प्रथा आहे. शब्द सॉफ्टवेअरमधून उचललेला. जाहीर करण्यापूर्वी खर्डा एका विश्वासू वाचकाकडे द्यायचा, त्याने चुका आणि पोकळ जागा दाखवायच्या. आपल्यातले निम्मे लोक हेच काम करून घर चालवतात आणि स्वतःचा लेख मात्र कुणालाही न दाखवता पाठवतात! पण ही प्रथा असूनही पुष्कळसं लेखन क्रमशः जाहीर होतं. एक प्रकरण लिहिलं, टाकलं, वाहवा मिळाली, पुढचं लिहिलं. पाचव्या प्रकरणात सुचलेल्या गोष्टीसाठी पहिलं बदलायची सोय राहत नाही. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' हे याचं सर्वात श्रीमंत उदाहरण. 'ट्वायलाइट'वरची क्रमशः फॅन फिक्शन म्हणून ते आधी लिहिलं गेलं, नावं बदलून २०११ मध्ये पुस्तक झालं आणि कोट्यवधी प्रती खपल्या. वाचताना ते क्रमशः लिहिल्याचं जाणवत राहतं. दर प्रकरणाला नवा झटका आहे, पण झटक्यांची मिळून चढण होत नाही. उलट लोइस मॅकमास्टर बुजोल्ड पाहा. तरुणपणी मैत्रिणीबरोबर स्टार ट्रेकचं फॅनझिन काढणारी ही बाई पुढे विज्ञानकथांतली मोठी लेखिका झाली, चार वेळा उत्कृष्ट कादंबरीचं ह्यूगो मिळवलं. मधली कित्येक वर्षं आणि तेव्हाची खाडाखोड कुठे छापलेली नसते.

वेगाने लिहिण्याच्या चळवळीचंही तेच. १९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि वीस जणांनी महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायचं ठरवलं. एकवीसपैकी सहा जणांनी आकडा गाठला. पुढे हा नोव्हेंबरातला वार्षिक उत्सव झाला, भाग घेणारे लाखांच्या घरात गेले, आणि २०२५ मध्ये त्यामागची संस्था बंद पडली. रोज सोळाशे सदुसष्ट शब्द, हा हिशेब पहिल्या खर्ड्यासाठी उत्तम आहे. डिसेंबरात काय करायचं ते मात्र ज्याचं त्याने पाहायचं होतं.

आमच्या मुलीच्या वहीत मी एकदा पाहिलं. तिला भांडणाचा प्रसंग जमत नव्हता. तिने तिथे चौकटी कंसात 'इथे दोघी भांडतात, वाईट' एवढंच लिहिलं आणि पुढच्या सकाळवर गेली. आठवड्याने परत येऊन तिने ते भांडण लिहिलं, आणि कुणीतरी ते तपासून 'दुसरी एवढ्या लवकर माफ करणार नाही' असा शेरा दिल्यावर पुन्हा लिहिलं. मी असा कंस माझ्या लेखात कधी टाकला नव्हता. न जमलेल्या वाक्यापाशी थांबायचो आणि दिवा मालवायचो. माझे चारही लेख तिथेच अडले आहेत. त्यातला एक वडिलांच्या आजारपणाचा आहे. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात आता मी कंस टाकला आहे.

तर विनंती अशी. यंदाच्या गणेशोत्सवातल्या नाटुकल्याचं बाड कार्यक्रम संपल्यावर दरवर्षीप्रमाणे हॉलच्या कचऱ्याच्या पेटीत जाऊ देऊ नका, माझ्याकडे पाठवा. नारदाची वाक्यं खोडलेली असोत, चहाचे डाग असोत, शेवटचं पान पेन्सिलीने लिहिलेलं असो. दिवाळीपर्यंत महिनाभर तरी मिळतो. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्याबरोबर बसून एकदा वाचू, आणि नारदाच्या तोंडी घातलेलं कोणतं वाक्य खरं म्हणजे लिहिणाऱ्याचं स्वतःचं आहे, तेवढं आधी शोधू.